दुकान क

सेंट क्लाउड, ३ ऑक्टोबर १९९६

चि. डेल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि सोबत कानउघाडणी. उन्हाळा सरला, तुझं एक अक्षर नाही.

यंदाची पोरं हुशार आहेत, पण निम्म्यांना दुकानदारी म्हणजे मुख्यालयातली खुर्ची वाटते. मी नेहमीप्रमाणे पुस्तक उघडूच दिलं नाही. प्रत्येकाला एकेका दुकानाच्या दाराशी उभं केलं, आत येणाऱ्याची नजर आधी कुठे जाते ते बघायला. डीनसाहेबांनी बोलावून विचारलं की हे व्यवसाय शिकवणारं कॉलेज आहे की पहारेकरी तयार करणारं. मी म्हटलं, ज्याला दार कळत नाही त्याला आतलं काय कळणार.

आता गंमत ऐक. तुमच्या हालग्रेन या दुकानांच्या कंपनीने (आमची वर्गखोलीही तिच्याच पैशांवर चालते) मुलांसाठी स्पर्धा ठेवली आहे. तिच्या एका खऱ्या दुकानाचे आकडे दिलेत, नाव झाकून. हे ‘दुकान क’ चालू ठेवावं की बंद करावं, ते मुलांनी सांगायचं. जिंकतील त्यांना थेट मिनियापोलिसच्या मुख्यालयात नोकरी. आणि या दुकानाची तऱ्हा बघ: हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो त्या शनिवारी तिथे बायकांचे बूट वर्षभरात सर्वांत जास्त खपतात! कोण असेल रे हा वेडा दुकानदार?

लोभ आहेच म्हणा, पण कधीतरी तो टपालातही टाकत जा.
तुझी ताई,
मार्नी

बेमिडजी, ९ ऑक्टोबर

ती. मार्नीताईस,
सा. न. वि. वि.

ताई, तो वेडा मीच. दुकान क माझं आहे.

तो शनिवार मीच सुरू केला. नवरे पहाटेच रानात जातात, तर बायकांना कॉफी आणि केक द्यावा, जरा बसू द्यावं, एवढंच मनात होतं. बूट आपोआप खपायला लागले. कंपनीने नाव झाकलं आणि शनिवार उघडा ठेवला. मुख्यालयात कुणाला आमचा शनिवार माहीतच नसणार.

यंदा ख्रिसमसचा माल निम्माच मागवा असा निरोप आला, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. माझ्याशी कुणी चकार शब्द बोललेलं नाही. विद्यार्थ्यांना विचारलं, मला नाही. संताप झाला आहे माझा.

पण तू गप्प बस. पोरांच्या नोकऱ्या आणि तुझी खोली त्यांच्याच हातात आहे. मी माझं बघतो. माल मी पूर्ण मागवला आहे.

तुझा, अजून तरी दुकानदार,
डेल

सेंट क्लाउड, १५ ऑक्टोबर

चि. डेल यास,
आशीर्वाद.

गप्प बसणारी बहीण हवी असेल तर दुसरी शोध.

मी वर्गात सगळं सांगून टाकलं. कंपनीलाही कळवलं की तिथे माझा भाऊ आहे, म्हणून मी परीक्षक होणार नाही. उत्तर आलं की आभारी आहोत, मात्र मुलांनी दुकानातल्या कुणाकडे चौकशी करू नये, आकडे पुरेसे आहेत. ते वाचून माझं डोकंच फिरलं. दुकान न बघता ते बंद करायला शिकवायचं असेल, तर त्यासाठी मी कशाला हवी?

तेव्हा त्या शनिवारी आम्ही गाडी करून येतोय. चौकशी करू नका असा नियम आहे. बूट विकत घेऊ नका असा नाही. पायच्या वांग आणि ट्रेंट बुकोव्स्की या दोघांवर लक्ष ठेव. ती बोलत नाही आणि तो थांबत नाही.

केक जास्त कर. माया कमी करू नकोस.
मार्नी

बेमिडजी, ११ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी पलटण येऊन गेली आणि दुकान भरल्यासारखं झालं. पायच्या सकाळभर दाराशी उभी होती. जाताना म्हणाली की आत येणाऱ्या बायका बुटांकडे बघतच नाहीत, आधी कोण कोण आलंय ते बघतात. इतकी वर्षं मी तिथे उभा आहे, पण हे असं मला कधी मांडता आलं नसतं.

ट्रेंटने मात्र तोंडावर सांगितलं की आकडे ‘दुकान बंद करा’ असंच म्हणतात. वरचा मजला रिकामा, गरम ठेवायचा खर्च तेवढाच, आणि मिनियापोलिसहून येणारा निम्मा माल इथे कुणाला नको असतो. पोरगा खरं बोलला. मला झोंबलं, तरीही आवडला. त्याला रागावू नकोस.

डेल

सेंट क्लाउड, ६ डिसेंबर

चि. डेल यास,
आशीर्वाद. आधी वाईट बातमी, म्हणजे पुढचं नीट वाचशील. जानेवारीअखेर तुझं दुकान बंद. तुला कागद येईलच.

आता आमचं. स्पर्धेच्या दिवशी ट्रेंट उठला आणि म्हणाला, “दुकान क हालग्रेनला परवडत नाही, हे खरं आहे. पण ते गावाला परवडेल. बंद करू नका, गावाला विका.” मग त्याने कॉफीच्या शनिवारचंही सांगितलं. परीक्षकांनी विचारलं की कॉफीचं तुम्हाला कसं कळलं, ते तर आकड्यांत नाही. त्यावर पायच्याने पाय पुढे करून नवे बूट दाखवले. आम्ही बाद.

नंतर कंपनीने निरोप धाडला की चूक झाली असं लिहून दिलं तर दोघांनाही नोकरी आहे. ट्रेंटने लिहून दिलं. त्याचे वडील काम करायचे ती खाण बंद पडली आहे, मी त्याला बोल लावत नाही. पायच्याने नकार दिला. मलाही माफी मागायला सांगितलं होतं. मी मागितली नाही, तेव्हा नाताळनंतर खोली जाणार. रडले मी, खोटं कशाला सांगू. पण फक्त घरी.

तू खचू नकोस, एवढंच मागणं.
मार्नी

बेमिडजी, २० डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कंपनीने ‘दुकान बंद होत आहे’ असे पिवळे फलक पाठवले. ऐन ख्रिसमसमध्ये दारावर लावायला. मी ते न उलगडता परत धाडले. फोनवर साहेब ओरडले. मी म्हटलं, मला कामावरून काढायचं असेल तर काढा, पण मग हे फलक लावायला इथे यावं लागेल तुम्हाला. कुणी आलं नाही.

ट्रेंटचं बोलणं मी चर्चच्या तळघरात गावाला जमवून जसंच्या तसं सांगितलं. कॉफीवाल्या बायकांनी तिथल्या तिथे दुकानाचे भाग विकत घ्यायला सुरुवात केली, मग नवऱ्यांना घ्यावेच लागले. इमारतीचा मालकही ती आम्हाला भाड्याने द्यायला कबूल झाला. फेब्रुवारीत पाटीवरचं हालग्रेन हे नाव उतरेल, दुकान उतरणार नाही. चालेल की बुडेल ते ठाऊक नाही. बुडालं तर आमच्या हातांनी बुडेल. माल काय आणायचा ते पायच्या ठरवणार आहे. मी विचारलं, ती हो म्हणाली.

आणि ताई, तुझी खोली काढून घेताहेत ना? माझा वरचा मजला रिकामा आहे. फळा मी लावून ठेवला आहे. पोरांना घेऊन ये.

वाट बघणारा,
डेल