दोन तासांचे बाबा

ता. १४, सोमवार
हाडांचा वॉर्ड, बाहेरचा बाक

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे खुशाल असाल. लेकीचा खोकला थांबला का?

इकडे ठीक. बाबांचं ऑपरेशन झालं, खुब्यात स्क्रू बसवलेत. जखम बघून बाबांनी डॉक्टरांना सुनावलंच, "घाई केलीत, शिवण तिरकी आलीय." चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस दुसऱ्याच्या टाक्यांना नावं ठेवल्याशिवाय कसा राहील? नर्स हसली. मीही हसले.

त्यांच्या कंपवाताच्या गोळ्यांचे मात्र हाल आहेत. घरी मी गजर लावून द्यायचे. इथे औषधांची गाडी फिरेल तेव्हा सगळ्यांना एकदम. काल तासभर उशीर झाला, तर बाबा खाटेवर ओंडक्यासारखे पडून होते. पाणी मागायला ओठ हलेनात. नुसते डोळे माझ्यामागे फिरत होते.

हे बाबा तुला माहीत नाहीत. मी ते तुला दाखवलेच नाहीत.

मागच्या महिन्यात मीच तुला लिहिलं होतं, माझी पाठ गेलीय, सहा महिने तरी बाबांना ने. तू म्हणालास, येऊन बघतो, मग ठरवू. ते कळल्यापासून बाबांनी माझ्यामागे टुमणं लावलं. "त्याच्यासमोर मला लाळ पुसत बसवू नकोस. गाठोडं उचलून न्यावं तसा नेईल मला." मग आम्ही दोघांनी हिशेब केला. तू अकराला येणार, म्हणजे गोळी साडेनऊला. ती पोटात सावकाश विरघळते, अंगात उतरायला वेळ लागतो, पण मग चार-पाच तास माणूस चालता-बोलता राहतो.

आणि बरोबर साडेनऊला, गोळी नुकतीच पोटात गेलेली, तुझा फोन आला. आधीची गाडी मिळाली, अर्ध्या तासात पोचतो.

बाबा म्हणाले, "अजून एक दे. चावून खातो, लवकर भिनेल." चावायची नाही, अख्खी गिळायची, हे डॉक्टरांनी दहा वेळा बजावलंय. पाच तासांचं औषध एकदम अंगात सुटतं. मी नाही म्हटलं. त्यांनी डबी ओढून स्वतःच गोळी तोंडात धरली, पण जबडा चालेना. मग मीच ती काढली, दोन चमच्यांमध्ये दाबून चुरली आणि पाण्यातून पाजली.

का, असं विचारशील. बाबांच्या हट्टापायी, असं मी आठवडाभर स्वतःला सांगतेय. पण तेवढंच खरं नाही. घर आवरलेलं, बाबा दाढी करून बसलेले, हे बघून तू 'ताई, छान सांभाळलंस' म्हणावंस, असं मलाही वाटत होतं. सुटका हवी होती आणि शाबासकीही.

तू आलास तेव्हा बाबा उठून दारात आले. तुझं माप घेतलं, पोट दोन इंच सुटलंय म्हणून तुझी फिरकी घेतली. खडूची रेघ सरळ मारली आणि तुझ्यासमोर कोटाचं कापड कापलं. मी बघत राहिले. वर्षभरात त्यांच्या हाती कात्री दिली नव्हती. दोन तासांनी निघताना दारात तू मला म्हणालास, "ताई, तू उगाच बाऊ करतेस. बाबा माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत." मी हसून तुला निरोप दिला.

तू कोपरा वळला नसशील, तोच दुप्पट औषधाचा जोर चढून त्यांची मान, खांदे, हात सगळं आपोआप वळायला लागलं. खुर्चीत ठरेनात. तशात त्यांना आठवलं, तुझ्या बाहीचं माप राहिलं. "हाक मार त्याला," म्हणत स्वतःच ताडकन उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कापायच्या टेबलाशी कोसळले. गळ्यात टेप तशीच होती.

मी फोनवर तुला सांगितलं, न्हाणीघरात पाय घसरला. न्हाणीघर कोरडं होतं.

डॉक्टरांना काल खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, लिहून घेतलं फक्त. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

कोटाचे तुकडे टेबलावर तसेच आहेत. बाबा म्हणतात, बाह्या मीच चढवणार. नाही चढवणार, ठोंब्या. तुला कळतंय ना?

शनिवारी घरी सोडतील. मला एकटीला आता झेपत नाही. तू ये. पण या वेळी कधी येतोस ते कळवू नकोस. फोनही करू नकोस. बाबांनी खोदून विचारलं तरी मला वेळ सांगता येऊ नये. किल्ली शेजारी ठेवलीय. दार उघडून आत ये आणि आम्ही जसे असू तसे बघ.

तुझी थकलेली,
ताई