सर्व मुद्दे नाकबूल

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. माझंही ठीक चाललं होतं, पण परवा कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन दुकानात आला. बिचारा घामाघूम झाला होता, म्हणून त्याला नुकतंच कापड चढवलेल्या सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि तो म्हणेल तिथे सही केली. एका वसुली कंपनीने माझ्यावर दावा लावलाय. कुठल्याशा बँकेचं क्रेडिट कार्ड मी म्हणे मनसोक्त वापरलं आणि पैसे बुडवले. ते येणं या कंपनीने विकत घेतलंय. मी काय काय घेतलं तेही लिहिलंय: पॅराशूटने उडी मारायचा कोर्स आणि कुत्र्याच्या वाढदिवसासाठी हॉल.

तुला ठाऊकच आहे, मी स्टुलावर चढलो तरी डोळे मिटतो आणि कुत्रं दिसलं की रस्ता बदलतो. पण त्यांनी इतकं छान टाइप करून, शिक्का मारून पाठवलंय की खोटं म्हणायला जीभ रेटत नाही. उडी मारली असेन आणि विसरलो असेन. मुदतीत उत्तर दिलं नाही तर निकाल एकतर्फी लागेल आणि शिलाई मशीनसकट दुकान जाईल, असं शेजारचा चावीवाला सांगतो. म्हणून "चूक झाली, सवडीने देतो" असं नम्र उत्तर लिहून ठेवलंय. सोबत पाठवतोय, नजरेखालून घाल. लोभ आहेच, तो रागावण्यात संपवू नकोस.

तुझा होयबा

९ मार्च

चि. होयबास,
अ. आ.

तुझं नम्र उत्तर फाडून टाकलं. दुसऱ्याने फोडलेल्या काचेबद्दल शाळेत छड्या खाल्ल्यास, का, तर मास्तर इतक्या खात्रीने विचारत होते म्हणून! अजून तसाच आहेस.

माझा जन्म वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करण्यात गेलाय. दावा त्यांनी लावला, तर तो खरा करून दाखवायचं कामही त्यांचंच. तू दाव्यातल्या प्रत्येक मुद्द्यापुढे एकच शब्द लिही, नाकबूल. माफी नको, ख्यालीखुशाली नको, आणि खबरदार कंपनीच्या तब्येतीची चौकशी केलीस तर! मुदतीच्या आत कोर्टात दे आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्यायला विसरू नकोस. मी सांगते तेवढंच कर, डोकं चालवू नकोस. बायकोच्या आजारपणातसुद्धा हे दुकान तू बंद पडू दिलं नाहीस. ते या भामट्यांच्या घशात गेलेलं मला बघवणार नाही. वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तेवढंच केलं, तरी घोळ झाला. दाव्यातला पहिला मुद्दा असा होता की प्रतिवादी म्हणजे मी, माझं नाव अमुक, धंदा सोफे दुरुस्तीचा, राहणार याच पत्त्यावर. त्यापुढेही मी नाकबूल लिहिलं.

आज तारीख होती. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून विचारलं की तुम्ही तुम्ही नाही का. मी म्हटलं, ताईने तसंच लिहायला सांगितलंय. कंपनीचा वकील तावातावाने उठला, आत्ता सिद्ध करतो म्हणाला आणि त्याने कार्डाचा मूळ अर्ज काढला. त्यावरचा फोटो कुणा भलत्याच गृहस्थाचा, भरघोस मिशांचा आणि बैलासारख्या मानेचा! वकिलाने एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, खरा प्रतिवादी हा मिशीवालाच, समोरचा माणूस तोतया आहे. बाईंनी मला बजावलंय की पुढच्या तारखेला रक्ताच्या नात्याचं कुणी आणा आणि तुम्ही कोण ते ठरवून टाका.

आईबाबा नाहीत, बायको गेली. मी कोण ते सांगणारं तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही ताई. प्रवास झेपेल का?

तुझाच, निदान आजवर तरी

२१ एप्रिल

चि. होयबास,
अ. आ.

सुखरूप पोचले. भर कोर्टात तुझ्यावर ओरडले, ते मनाला लावून घेऊ नकोस. वकिलाने नात्याचा पुरावा मागितला म्हणून मी पिशवी उपसत होते, तेवढ्यात तुझ्या शर्टाकडे लक्ष गेलं. बटणं वरखाली लावून कोणी कोर्टात येतं का? तू "चुकलो ताई" म्हणत तिथेच ती सोडून पुन्हा लावायला लागलास. बाईंनी लगेच लिहून घेतलं की नातं सिद्ध झालं, नावापत्त्याचा माणूस हाच आणि फोटोतला दुसराच, सबब दावा फेटाळला. मी पाहिलं, वकिलानेही गुपचूप आपली बटणं चाचपली.

बसमध्ये मात्र रडू आवरेना. मी तुला कुठवर पुरणार? म्हणून सांगते, आता पुरे झालं. दुकान विकून टाक आणि माझ्याकडे राहायला ये. वरची खोली रिकामी आहे, मलाही घर खायला उठतं. महिनाअखेरीस निघ. उत्तराची वाट बघत नाही, तू हो म्हणणारच.

तुझी ताई

२७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र कितीदा लिहिलं आणि फाडलं.

नाही, ताई.

दुकान विकणार नाही. तू रागावशील, तर रागाव. एकटं वाटत असेल तर तू इकडे ये, दुकानामागची खोली झाडून ठेवतो.

हे "नाही" मी कुणालाही न विचारता लिहिलंय. लोभ कमी करू नकोस.

तुझा भाऊ