सरकारने दिलेला वकील

अण्णा, गरीब आरोपीला आता खटला कसलाही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. कायदाच आहे तसा. तुमच्या वेळी तो फक्त खुनाच्या खटल्यात मिळायचा आणि तुम्ही म्हणायचात, "गळ्याशी दोर आला की मगच सरकारला माणूस दिसतो." मी पुढे वकील झाले, बरीच वर्षं अशाच लोकांची कामं केली, आता तीही थांबवली आहेत. या कामाची सुरुवात जिच्यापासून झाली, त्या जयगडकडच्या बाईबद्दल मात्र आपण दोघं नंतर कधी बोललो नाही. आज तेवढंच लिहायला बसले आहे.

पन्नास-साठच्या मधली ती वर्षं. मी मॅट्रिक होऊन घरी होते आणि तुमच्या टिपणांच्या स्वच्छ नकला करून द्यायचे. बाईचा नवरा बोटीवर खलाशी होता, वर्षावर्षाने घरी येणारा. धाकट्या दिराला तिने कोयतीने मारलं, असा आरोप होता. सेशन कोर्टाने तिचा वकील म्हणून तुमची नेमणूक केली. तुम्ही रत्नागिरीच्या तुरुंगात तिला भेटायला गेलात, तर ती भिंतीकडे तोंड करून बसली. शेवटी एवढंच म्हणाली, "पकडलान सरकारान. वकील दिलान तोपण सरकारान. मंग माजा कोन?" घरी येऊन तुम्ही हे आईला सांगितलंत आणि वर म्हणालात, "तिचं चुकलं नाही काही. मी तिच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं."

तिसऱ्या भेटीला तुम्ही मला लेखनिक म्हणून बरोबर नेलंत. जेलरांशी बोलून तुम्ही मला आत पाठवता आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात, आमचं बोलणं ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर, बाकावर बसता. ती माझ्याकडे पाहते. विचारते, "लगीन झाला तुजा?" मी नाही म्हणते. मग ती बोलायला लागते, आधी तिच्या मासळीबद्दल, सासूबद्दल, आणि मग खाली बघत त्या दुपारबद्दल. घरात कोणी नव्हतं. दीर आला, त्याने दार आतून लावलं. "पन ह्या कोनाला सांगू नको. माज्या घोवाला कळला तर तो मना दारात उबी करायचा नाय." मी म्हटलं, नाही सांगणार. व्हरांड्यात तुम्ही विचारलंत, काही बोलली का. मी म्हटलं, मासळीबद्दल बोलली.

खटला उभा राहिला. शेजाऱ्यांनी साक्ष दिली की दिराशी तिचं माडांवरून भांडण होतं, राग धरून तिने मारलं. तुम्ही उलटतपासणीला उभे राहिलात, पण हातात काहीच नव्हतं. दोन दिवस तुम्ही कोर्टातून येऊन कोट न काढता झोपाळ्यावर बसून राहिलात. तिसऱ्या दिवशी सकाळी, स्वयंपाकघरात तुम्ही पेज जेवत होतात, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. आई चुलीपाशी तशीच थांबली. तुम्ही पानावरून हात मागे घेतलात आणि विचारलंत, "तिला तू काय म्हणाली होतीस?"

"कोणाला सांगणार नाही म्हणाले होते."

"असा शब्द आपल्याला देता येत नाही, हे तिला आधी सांगायला हवं होतंस. मग बोलायचं की नाही ते तिने ठरवलं असतं." आवाज चढला नाही तुमचा. चढला असता तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी कोर्ट सुरू होण्याआधी तुम्ही तिला जाऊन सगळं समजावलंत. हे न्यायाधीशांसमोर सांगितलंस तर फाशी टळेल, नको असेल तर मी तोंड उघडणार नाही, असं म्हणालात. मी मागच्या बाकावर होते. न्यायाधीशांनी तिला विचारलं, तुला काही सांगायचं आहे का. ती माझ्याकडे एकदा पाहून म्हणाली, "तो घरात आला. दार लावलान. मी कोयती मारली." एवढंच. त्या तीन वाक्यांवर तुम्ही दीड दिवस बोललात. खून नव्हे, असा निकाल झाला. बचाव करताना तिने मर्यादा ओलांडली, असं म्हणून तिला तीन वर्षांची शिक्षा दिली.

नवऱ्याने तिला परत घेतलं नाही. सुटल्यावर ती भावाकडे पालीला राहिली. पुढे गरिबांना वकील देण्याच्या नियमांबद्दल सरकारने वकिलांची मतं मागवली, तेव्हा तुम्ही दोन पानं लिहिलीत. बाई आरोपी असेल तर तिच्याशी बोलायला बाई असावी, आणि विश्वासाने सांगितलेलं तिला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. नक्कल मीच केली. माझ्याकडे पाहिलं नाहीत तुम्ही. कायदा आला तेव्हा तुम्ही नव्हतात. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये ही तुमची ओळ शोधत.

तुम्ही गेल्यानंतर पालीच्या बाजारात ती मला भेटली. सुकी मासळी विकत होती. तिने मला लगेच ओळखलं. म्हणाली, "तुज्या बापसान माजा जीव राखलान. तू शबूद नाय राखलंस." रागाने नाही म्हणाली. मग माझ्या मुलांची चौकशी केली. मी तिथून निघाले ते सरळ एस.टी.त येऊन बसले.

त्यानंतर प्रत्येक बाई आरोपीला मी आधी सांगत आले की मी काय लपवू शकते आणि काय नाही. लोक मला शिस्तीची म्हणायचे. हे पत्र कोणाला द्यायचं नाही, म्हणून लिहिते. त्या सकाळी स्वयंपाकघरात मी बोलले, ते तिला वाचवायला असं तुम्ही धरून चाललात, आणि मीही तुम्हाला तसंच धरून चालू दिलं. खरं म्हणजे तिचा विचार माझ्या मनात नव्हता, अण्णा. तुम्ही हरत होतात, आणि ते मला बघवत नव्हतं.