दगडावरची कोरी ओळ

प्रिय चिमणे,

तुझ्या शाळेचा दगड परवा माझ्या कारखान्यात आला आणि सोबतचा कागद वाचून मला अक्षरशः किळस आली. पाट्या कोरण्यात वीस वर्षं गेली माझी. आयुष्यभर बायकोला छळलेल्या माणसाच्या स्मृतिशिळेवर 'प्रेमळ पती' कोरलंय मी, हूं की चूं न करता. पण आपल्या गणिताच्या सरांच्या गौरवशिळेवर, त्यांच्या नावाखाली ९६९९६९१ हा आकडा, आणि त्याच्या खाली 'मूळ संख्या'? मुख्याध्यापिकाबाई, हे लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही तुमचा?

सरांची ती ऐट आठवते ना? दरवर्षी नव्या वर्गापुढे दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस यांचा गुणाकार फळाभर मांडायचे आणि त्यात एक मिळवून ९६९९६९१ काढायचे. आठांपैकी कुणानंही भागा, बाकी एक उरते, म्हणून ही संख्या मूळ, हिला कुणी फोडूच शकत नाही! आणि आपण नंदीबैलासारख्या माना डोलवायच्या. अरे, आठ घरांत चोर सापडला नाही म्हणून गावात चोरच नाही? मधल्या सुट्टीत तू मूळ संख्यांची यादी वाचत गेलीस, मी तेवीसपासून भागत गेले. साठ भागाकार वाया गेले. एकसष्टावा ३४७चा. भागाकार २७९५३, बाकी शून्य. तू आनंदानं डब्याचं झाकण बडवलं होतंस.

सरांनी माझी वही पाहिली, चांगली नीट पाहिली. कान लाल झाले होते त्यांचे. मग पान टरकावलं, मला भोपळा दिला आणि तुला विचारलं, हे खरं आहे का? तू बुटांच्या नाड्यांकडे बघत म्हणालीस, मला माहीत नाही. वर्ग फिदीफिदी हसला आणि मला सहीतलं हे नाव चिकटलं. सरांचा राग आला होता, तुझी मात्र शिसारी आली. त्यानंतर मी गणितात डोकं घातलंच नाही, बाबांची छिन्नी हातात घेतली.

तू विसरली असतीस तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तुझं बारीक अक्षर आहे, 'सर थकलेत गं, दिलंय तसंच कोर.' म्हणजे ३४७ तुला पक्का आठवतोय! आकडा मी कोरलाय, त्या बिचाऱ्याचा काय दोष. खालची ओळ कोरी ठेवलीय. सरांकडे जा, त्यांच्या समोर बसून ३४७ गुणिले २७९५३ कर, आणि तिथं काय कोरायचं ते मला कळव. पुन्हा नाड्यांकडेच बघायचं असेल तर दगड घेऊन जा, दुसऱ्या कुणाकडून कोरून घे. सरांनी त्या दिवशी विचारलं होतं, हे खरं आहे का. मी अजून तुझ्या उत्तराची वाट बघतेय.

तुझीच (अजूनही, हीच तर पंचाईत आहे),
भोपळी