दसऱ्याला बंद होणारं मशीन

कसबा पेठ, पुणे
२४ सप्टेंबर २००३

प्रिय दीपमाला,

पाकीट बघून आधी धस्स झालं असेल तुला. इतकी वर्षं ईमेलवर भांडणारी ही बया आज पोस्टाची तिकिटं चिकटवायला का बसली? घाबरू नकोस. अम्मी-अब्बा ठणठणीत आहेत. माझं लग्नबिग्नही ठरलेलं नाही, उगाच मिठाईची वाट बघशील. ईमेल केली नाही, कारण आपल्या रक्तपेढीची सगळी ईमेल कोपऱ्यातल्या त्या कॉम्प्युटरमधून, आपल्या मशीनमधून जाते आणि मला बोलायचंय ते त्या मशीनबद्दलच. आणखी एक कारण आहे, ते शेवटी सांगते. मधली पानं सोडून तिकडे उडी मारू नकोस, तुझी जुनी खोड आहे ती.

त्या मशीनवर तू लिनक्स चढवलंस तो दिवस मला लख्ख आठवतो. नारायण पेठेतल्या तुझ्या खोलीतून तू मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी घेऊन आलीस. विकतचं काही घ्यायची रक्तपेढीची ऐपत नव्हती. आपले कार्यवाह तात्याराव लगेच म्हणाले, फुकट ते पौष्टिक. मी तेव्हा नुसत्या पावत्या फाडायचे. कीबोर्डला हात लावायलासुद्धा भ्यायचे, तर तू तुझ्या वऱ्हाडी ठसक्यात म्हणालीस, काहून भेतं व, चावत नाही ते. रक्तदात्यांच्या नोंदींचा सगळा प्रोग्राम तू लिहिलास आणि एकेक ओळ मला समजावलीस. आज मला जे काही येतं त्याचं मूळ तिथे आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तू चिडणार आहेस.

मग तू अमेरिकेला गेलीस, आणि तात्यारावांनी सुरक्षेसाठी म्हणून मुख्य पासवर्ड बदलला आणि विसरले. कागदावर लिहून ठेवणं त्यांना असुरक्षित वाटलं होतं! सगळे हवालदिल. तुला कळवलं, आणि सकाळी बघतो तर मशीन उघडलेलं. तात्याराव अजून सांगतात, दीपमालेने सातासमुद्रापलीकडून कुलूप काढलं. कुलूपबिलूप काही नव्हतं, हे फक्त तुला आणि मला माहीत. लिनक्सच्या त्या जुन्या आवृत्तीत, बाहेरून मशीनमध्ये शिरायचा जो प्रोग्राम आहे ना, त्यालाच भोक होतं. पासवर्ड न विचारता आत घ्यायचा. दुरुस्ती कधीच निघाली होती, तीही फुकट. मी लावते म्हटलं तर तू नको म्हणालीस. राहू दे ती फट, म्हातारा पुन्हा विसरला तर मला आत यायला बरी.

मीही ऐकलं. पण तूच शिकवलंस ना, की हे सॉफ्टवेअर म्हणजे काचेचा कारभार? दोष सापडला की साऱ्या जगाला सांगतात, दुरुस्तीही साऱ्या जगाला वाटतात. ज्याने लावली तो वाचला. ज्याने नाही लावली, त्याच्या घराचा नकाशा चोराच्या हातात आयता. आणि आता ती आवृत्ती इतकी जुनी झालीय की नव्याने सापडणाऱ्या दोषांना दुरुस्त्या निघणंही बंद झालंय.

गणपतीत मंडळांची रक्तदान शिबिरं झाली, नोंदींचा ढीग पडला. त्या गडबडीत मला दिसलं, मंगळवारी दुपारी कुणीतरी त्याच फटीतून आत येऊन गेलंय. मला वाटलं, तूच. फोनवर सहज विचारलं, तर तू म्हणालीस, छे, मी तर महिनाभर फिरकलेच नाही. म्हणजे आत परकं कुणीतरी आलं होतं, दीपमाला; मी तशीच तात्यारावांना सांगायला धावले. आणि दुसऱ्या दिवशी तू तात्यारावांना काय लिहिलंस? सुहाना उगाच बाऊ करते, मशीनला काही झालेलं नाही, मी आहे ना. ती ईमेल त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. मला फार लागलं ते. तिऱ्हाईताने म्हटलं असतं तर हसून सोडून दिलं असतं.

आत काय आहे ते तुला मी सांगायला नको. नाव, पत्ता, रक्तगट, आणि तो एक रकाना, जो डॉक्टर आणि मी सोडून कुणी बघत नाही. एड्सच्या चाचणीचा. त्यात आमच्या आळीतलं एक नाव आहे. कुणाचं, ते तुलासुद्धा सांगणार नाही. रोज सकाळी त्यांच्या दुकानावरून जाते, ते विचारतात काय सुहाना, निघालीस का, आणि मी हो काका म्हणते. हे बाहेर फुटलं तर त्या दुकानाची पायरी कुणी चढणार नाही. रक्त द्यायला आले होते बिचारे, त्यांनी काय कुणाचं घोडं मारलंय?

तात्यारावांपुढे डोकं फोडून झालं. एक दिवस मशीन बंद ठेवू द्या, एवढंच मागत होते. चालत्या गाड्याला खीळ का घालता, म्हणाले, आणि मशीनवर पाटी चिकटवली: ‘बंद करू नये. केल्यास अपमान होईल.’ कुणाचा, ते लिहिलेलं नाही. शेवटी मला अब्बांचा छापखाना आठवला. दसऱ्याला अब्बा मशीन बंद ठेवतात. कंपोझिटर मंडळी ते पूर्ण खोलून पुसतात, तेल देतात आणि मगच हार घालतात. अब्बा स्वतः नारळ आणून देतात. मी तात्यारावांना विचारलं, अहो, आपण दरवर्षी चालत्या मशीनलाच झेंडू चिकटवतो, हे कुठल्या शास्त्रात बसतं? दसऱ्याला हत्यारांना विश्रांती ना? ते चष्मा काढून माझ्याकडे बघतच राहिले. कसब्यातल्या हमीदभाईंच्या मुलीने आपलं शास्त्र काढावं! पण बिनतोड होतं. दसऱ्याला दिवसभर मशीन बंद, नोंदी हाताने, असं ठरलं. संध्याकाळी सुरू होईल ते नवी आवृत्ती चढवलेलं दुसरं मशीन असेल हेही मी स्पष्ट सांगितलंय. नव्या आवृत्तीवर तुझा प्रोग्राम चालेना, म्हणून तो मी उन्हाळ्यापासून पुन्हा लिहीत होते. चालतोय. तुझ्या दोन चुकाही सापडल्या, त्या भेटीत सांगेन.

तर ते दुसरं कारण. दसऱ्याच्या संध्याकाळनंतर तू सवयीने यायला बघशील आणि तुला आत येता येणार नाही. मशीन बिघडलं म्हणून तात्यारावांना फोन करू नकोस. बिघडलेलं नाही. फट बुजवलीय, आणि नव्या मशीनवर तुझं नाव घातलेलं नाही. घालावंसं वाटत होतं. दोनदा टाईप केलं आणि दोनदा पुसलं. तात्यारावांनी परवानगी देताना एकच अट घातली होती, दीपमालेला कळवायचं. कसं कळवायचं ते त्यांनी सांगितलं नाही. ईमेल केली असती तर तू तासाभरात फोन केला असतास, गोड बोलली असतीस आणि मी विरघळले असते, मला मी माहीत आहे. पोस्टमनला तुझ्या घरापर्यंत पोचायला पंधरा दिवस लागतात. म्हणजे हे तू वाचतेस तेव्हा दसरा होऊन गेलाय.

डिसेंबरात येशील तेव्हा सरळ घरी ये. अम्मी तुझ्या आवडीचा खिमा करणारच आहे. चिडलेली असलीस तरी ये.

तुझ्याच हाताखाली शिकलेली, तुझीच
सुहाना