निऱ्यांसकट गोधडी

अरेरा कॉलोनी, भोपाळ
मंगळवार

तीर्थरूप कमलिनी जाऊबाईंस,

शारदेचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात. गुडघे खाली जातात, वर येत नाहीत). तुमचं पित्त, मोठ्या भाऊजींचा खोकला आणि तुमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. आम्ही इकडे ठीक. अक्षर मोठं काढलं आहे ते तुमच्या सोयीसाठी. माझे डोळे उत्तम आहेत.

सध्या हातात कामं पुष्कळ. ह्यांच्या जुन्या धोतरांची एक गोधडी चालू आहे, सगळ्यात मऊ (माणूस इतका मऊ नव्हता). एक हेमंतच्या ऑफिसच्या शर्टांची. त्या शर्टांत सूत कमी आणि प्लास्टिक जास्त, सुई आत शिरायलाच मागत नाही. जीन्सचं एक पायपुसणं केलंय, त्यावर पाय पुसला तर सालटं निघतं, पण टिकाऊ आहे. आणि खरं काम म्हणजे क्षितिजाच्या लग्नाची गोधडी. चार सुती पातळं, त्यातली दोन तुमची (मागच्या दिवाळीत तुम्ही इथे विसरून गेलात ती. विचारत नाही, कळवते आहे). नात सासरी जाताना आजीच्या हातची गोधडी नेते, हे आपल्या घरात कोणाला सांगावं लागत नाही.

अडचण एवढीच, की गेल्या महिन्यात हेमंत सोफ्यावर बसला तो नेमका सुईवर बसला. सुई माझी होती हे कबूल. पण बसण्याआधी बघायचं असतं, हे मी त्या मुलाला पन्नास वर्षं सांगते आहे. तर उलट मलाच म्हणतो, "आई, तुला दिसत नाही. मोतीबिंदू काढून घे. आता आणखी एक भानगड झाली ना, तर सुईदोरा, बोचकं, सगळं माळ्यावर!" माळ्यावर मला चढता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक. उगाच नाही इंजिनिअर झाला. मी सांगितलं, शिवताना बोटं बघतात, डोळ्यांचं तिथे काय काम?

तर रविवारी मिसरोदहून मुलाकडचे यायचे होते. (दाखवणं वगैरे नाही. क्षितिजा आणि तो तुषार एकाच कंपनीत, त्यांचं आधीच ठरलेलं. आपण पोहे-जिलबी खाऊन हो म्हणायचं.) पाचला येणार, म्हणून मी साडेतीनला दिवाणावर बसून गोधडी मांडीवर घेतली. हात असा चालला म्हणता! एका दमात वीतभर ओळ. ते लोक चारलाच हजर. बेल वाजली, मी उठायला गेले आणि गोधडी माझ्याबरोबर उठली. निऱ्या, जाऊबाई! चार पातळांखाली पाचवा थर म्हणून मी अंगावरच्या निऱ्या धावदोऱ्यात घेतल्या होत्या. (पडदा ओढलेला होता. पडदा सूनबाईने ओढला.)

कात्री तिनेच आवरासावरीत कपाटात टाकलेली. मागावी तर भानगड उघडी, आणि भानगड उघडी की माळा. मी खाली बसले ती बसलेच. पाहुणे हात जोडून उभे, मी दिवाणावरून मान हलवली. हेमंत डोळे वटारून, "आई, ऊठ ना!" मी म्हटलं, मुलीकडची असले तरी वयाने मोठी आहे, उठणार नाही. सगळे टेबलाशी गेले तर म्हटलं, माझे पोहे इकडे आणा. मुलाचे वडील म्हणाले, "आजींचा रुतबा आहे बरं का!"

पण मुलाची आई, रजनीबाई, वळणाची निघाली. पाया पडायला वाकली. पाय गोधडीखाली. म्हटलं, आशीर्वाद आहे, राहू दे. "असं कसं," म्हणत तिने स्वतःच टोक उचललं. पाहिलं. परत ठेवलं. मग मागे वळून सगळ्यांना म्हणाली, "तुषारला जरा बाल्कनीतून ते आंब्याचं झाड दाखवा ना." तुषारने तो आंबा दहादा पाहिलेला असणार, पण गेला बिचारा, आणि त्याच्यामागून सगळे. मग माझ्याजवळ बसून हळूच, "आजी, निऱ्या शिवल्यात."

मी म्हटलं, आमच्याकडे अशीच पद्धत आहे.

"हो का," म्हणाली, आणि पर्समधून नेलकटर काढलं. बत्तीस टाके तोडले तिने. एकही सैल नव्हता, हे तिचे शब्द. शेवटी माझ्यासमोर बोटं धरून विचारते, "किती?" मी म्हटलं, मोठ्या माणसाला बोटं दाखवू नयेत.

असो. हेमंतला पत्ता लागला नाही, लग्न पक्कं झालं, बोचकं जागच्या जागी आहे. एकूण माझीच सरशी. दुसरी शिकलेल्या बाईने याहून लांब लिहू नये.

तुमची धाकटी,
शारदा

ता. क. निऱ्यांचं कोणाला सांगू नका. तुमच्या नागपुरात तर मुळीच नाही.

ता. क. रजनीबाई गोड आहे पण सोपी नाही. जाताना कानाशी येऊन म्हणाली, "डोळ्यांचं तुम्ही सांगता की निऱ्यांचं मी सांगू?" दोन्हीत डोळा स्वस्त पडला. बारा तारखेला उजवा काढतायत (मोतीबिंदू).

ता. क. डॉक्टर म्हणतो, महिनाभर सुईला हात लावायचा नाही. क्षितिजाच्या गोधडीचं दोन हात काम राहिलंय आणि लग्न तोंडावर. अर्धी गोधडी घेऊन पोरगी जायची नाही. तुम्ही दहा तारखेपर्यंत निघून या, तिकीट हेमंत काढेल. तुमचा टाका लांब पडतो, पण सध्या मला दिसणार नाही. दिसायला लागलं की उसवीन.