मैदानात आणलेली नदी

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा कोपरापासून नमस्कार (हात चिखलाने माखलेत). तुझी कंबर कशी आहे? वहिनींनी सांगितलेला शेक घेतोस, की नुसतं घेतो घेतो म्हणतोस? मी धडधाकट आहे, फक्त माझी नोकरी जरा आजारी आहे. कशामुळे ते नीट सांगते, कारण आमच्या मुख्याध्यापिकाबाईंची बाजू तुझ्या कानावर आधी गेली तर माझी धडगत नाही.

झालं असं, की नद्यांच्या काठी संस्कृती उदयाला आल्या हा धडा सहावीची पोरं घडाघडा म्हणतात. पण 'का आल्या?' विचारलं की सगळे छताकडे बघतात. मी चिडले. म्हटलं, आता कळेपर्यंत सोडायचं नाही. आमचं मैदान टाकीपासून मागच्या भिंतीपर्यंत चांगलंच उतरतं (चेंडू हरवला की सगळे आधी भिंतीकडेच पळतात). पोरांकडून चर खणून घेतला, टाकीचा नळ सोडला, एक तुकडी वर वसवली, एक खाली, दोन्ही तुकड्यांना मुळ्याचं बी दिलं आणि वह्या काढून घेतल्या. यापुढे मी काही शिकवलेलं नाही, शपथ.

वरच्यांची जमीन चरापेक्षा उंच. पाणी डोळ्यांसमोरून वाहतंय आणि रोपं तहानलेली! कुरकुरून झाल्यावर त्यांनी काठीच्या एका टोकाला डबा, दुसऱ्या टोकाला दगड बांधून पाणी उपसायला सुरुवात केली. खालच्यांवर ती वेळच आली नाही; पाणी आपणहून अंगावर येत होतं, ते बांध घालून घालून दमले. मग वरच्यांनी चर अडवला. खालचे भांडायला गेले. पाणी सोडायचं ठरे, आणि दुसऱ्या दिवशी 'असं कोण म्हणालं?' शेवटी खालच्यांनी ठरलेलं सगळं ओल्या चिखलावर खिळ्याने कोरलं आणि उन्हात वाळवलं. वरच्यांनाही उत्तर लिहायचं होतं, पण त्यांच्याकडे नुसता मुरूम, अक्षर उमटेना. पाणी वर, चिकणमाती खाली; निमूट अदलाबदल सुरू झाली. दादा, मला तिथेच भरून आलं.

पाळ्या सांभाळायला त्यांनी एका मुलीला प्रमुख नेमलं. तिला सगळी शाळा भोंगा म्हणते. तिचा आवाज टाकीपासून भिंतीपर्यंत पोचतो, एवढीच तिची पात्रता (मोठ्यांच्यात तरी वेगळं काय असतं?). आणि नेमक्या त्याच दिवशी मुख्याध्यापिकाबाई पाहणीला आल्या, त्यांचा पाय चरात गेला आणि एक चप्पल खालच्यांच्या राज्यात वाहत गेली.

"बाई, नदी ओलांडायच्या आधी विचारायचं असतं," भोंगा म्हणाली.

"मैदान कुणाचं आहे गं?"

"तेच ठरवतोय. लिहून झालं की सांगते."

मला ऑफिसात बोलावणं आलं. मैदान सपाट करा, नाहीतर इतिहास काढून घेते आणि शिवणकाम देते, असा हुकूम. (मला साधं बटण लावता येत नाही, तुझ्या सदऱ्यांना विचार.) मी म्हटलं, नाही करणार. तपासणीला साहेब येतील त्यांना मी हेच दाखवणार. "आणि त्यांना नाही आवडलं तर?" "तर सुई-दोरा द्या माझ्या हातात."

बाहेर आले, तर मैदानात आमचा सुस्तोबा (याने वर्षभरात वहीत एक धड ओळ लिहिलेली नाही) पालथा पडून, जीभ बाहेर काढून, खालच्यांच्या पाण्याचा हक्क चिखलात कोरत होता. हाक मारली तर म्हणाला, "थांबा ना बाई, सुकेल." तिथेच माझं पक्कं झालं. आता काही झालं तरी मागे हटणार नाही.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, मुलांना पापे.

तुझीच,
हट्टी बहीण

ता. क. मैदान दाबायला बाई तुझा रोडरोलर मागणार आहेत, इकडे जवळपास दुसरा कुणाकडे नाही. सोमवारी फोन येईल. रोलर बिघडलेला आहे. काय बिघडलंय ते तू ठरव, पण साहेब येऊन जाईपर्यंत दुरुस्त होऊ देऊ नकोस. एवढ्याचसाठी हे पत्र.

आणखी एक ता. क. वहिनी, पत्र आधी तुम्हीच उघडता हे मला ठाऊक आहे. खोटं बोलताना दादाला दरदरून घाम फुटतो. तेव्हा फोन तुम्हीच घ्या, आणि त्याला हे पत्र नाही दाखवलंत तरी चालेल.